कात्रीची काटकसर

काटकसर म्हणजे हात आखडणें, अशी सामान्य समजूत आहे. थोडें आणावें, पुरवून खावें, उरलेलें टाकूं नये, हे तिचे जुने नियम. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं काटकसरीची एक निराळीच तऱ्हा रूढ केली. तींत गृहिणीनें पैसा वांचवावयाचा तो माल कमी घेऊन नव्हे, तर कागदाचा एक कपटा जपून ठेवून. त्या कपट्याचें नांव कूपन. शब्द मूळचा फ्रेंच, 'कापणें' या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला. पूर्वी कर्जरोख्याला व्याजाच्या चिठ्ठ्या जोडलेल्या असत. हप्त्याची तारीख आली कीं एकेक कापून व्याज वसूल करावयाचें. धनिकाच्या तिजोरींतला हा शब्द पुढें वाण्याच्या दुकानांत उतरला.

मराठी घरांत कूपन म्हटलें कीं रेशनची आठवण होते. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें आणि रेशनचें कार्ड सांभाळणें हें गृहिणीचें नित्यकर्म होऊन बसलें. पण त्या कागदाचा आणि येथें अभिप्रेत असलेल्या कूपनाचा धर्म अगदीं भिन्न. रेशनचा कागद टंचाईंतून जन्मला. आहे तो माल सर्वांना वांटून मिळावा हा त्याचा हेतु. व्यापाऱ्याचें कूपन विपुलतेंतून जन्मलें. तयार झालेला माल पडून राहूं नये हा त्याचा हेतु.

या कूपनाचा पहिला प्रसिद्ध प्रयोग अटलांटा शहरीं झाला. आसा कँडलर या औषधविक्रेत्यानें १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोका-कोला या नव्या पेयाचा एक पेला फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वांटल्या. कंपनीच्याच हिशेबाप्रमाणें १८९४ ते १९१३ या काळांत असे सुमारे ८५ लक्ष पेले फुकट गेले. फुकट गेले असें म्हणावयाचें, इतकेंच. कारण एकदां चव लागलेलें गिऱ्हाईक पुढच्या वेळीं पैसे मोजून तेंच पेय मागे. बॅटल क्रीक येथील सी. डब्ल्यू. पोस्ट यानें हीच युक्ति न्याहारीच्या पदार्थांसाठीं वापरली. एका सेंटाची सवलत देणारें त्याचें कूपन किराणा-कूपनांचें आद्य उदाहरण म्हणून सांगितलें जातें. १८९६ मध्यें स्पेरी आणि हचिन्सन यांनीं हिरव्या तिकिटांचा धंदा काढला. दर १० सेंटांच्या खरेदीमागें एक तिकीट. १२०० तिकिटें चिकटवलीं कीं वही पुरी. आणि भरलेल्या वह्यांच्या मोबदल्यांत घरगुती वस्तु. १९२९ पासून जनरल मिल्स कंपनीच्या पिठाबरोबर चमच्यांचीं कूपनें येऊं लागलीं. त्यांतून वाढलेली योजना २००६ पर्यंत चालली.

१९३० नंतरच्या मंदीनें या हौसेला गरजेचें रूप दिलें, आणि १९७० नंतरच्या महागाईंत तर ती एक शिस्तबद्ध विद्याच बनली. रविवारच्या वृत्तपत्राबरोबर कूपनांची पुरवणी येई. तीं कापणें हें सर्वांत सोपें काम. खरी कसोटी पुढें. कापलेलीं कूपनें जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत अगर पाकिटांत वर्गवार लावावयाचीं: पीठ-साखर एकीकडे, डबाबंद पदार्थ दुसरीकडे, साबण तिसरीकडे. कित्येकजणी दुकानांतील फळ्यांच्या क्रमानेंच तीं लावीत. प्रत्येक वर्गांत ज्याची मुदत आधीं संपणार तें पुढें. मग दुकानाची जाहिरात पाहून, जिन्नस मुळांतच स्वस्त असेल त्याच आठवड्यांत कूपन बाहेर काढावयाचें, म्हणजे दुहेरी लाभ. कांहीं दुकानें चढाओढीनें कूपनाची दुप्पट किंमत धरीत. शेजारणी नको असलेलीं कूपनें आपसांत बदलीत. ज्या घरीं तान्हें मूल नाहीं तेथील बालान्नाचें कूपन मूल असलेल्या घरीं जाई. या सर्वांवर एकच नियम: यादी आधीं करावयाची, खोकें मागाहून उघडावयाचें. नको असलेली वस्तु निम्म्या किंमतींत घेतली तरी ती महागच.

इकडे व्यापाऱ्याची गणितेंहि चालूं होतीं. दुकानांत जमलेलीं कूपनें मोजून त्यांचे पैसे कारखानदाराकडून वसूल करण्यासाठीं १९५७ सालीं नील्सन कंपनीनें स्वतंत्र हिशेबगृह काढलें. या व्यवहाराचें मर्म एका आंकड्यांत आहे. १९९२ सालीं अमेरिकेंत ३०० अब्जांहून अधिक कूपनें वांटलीं गेलीं. दुकानांत परत आलीं तीं शंभरांतून तीनहि नव्हतीं. मग उरलेल्यांचें काय? तीं न कापणाऱ्यांवरच हा धंदा उभा होता. एकच जिन्नस दोन भावांनीं विकण्याची ही तोड होय: ज्याला वेळ नाहीं त्यानें पुरा भाव द्यावा, ज्याला पैशाची चणचण आहे त्यानें तास-दोन तास खर्चून कमी द्यावा. म्हणजे गृहिणीला मिळे ती देणगी नव्हे. ती तिच्या श्रमांची मजुरी होती.

जेथें कागदाला पैशाचें मोल, तेथें लबाडीहि आली. १९७७ च्या डिसेंबरांत अमेरिकन टपाल खात्याच्या तपासनिसांनीं न्यूयॉर्क भागांतील वृत्तपत्रांत 'ब्रीन' नांवाच्या धुण्याच्या पावडरीचें २५ सेंटांचें कूपन छापविलें. अशी पावडर कोठेंच नव्हती. तरीहि ती विकल्याचा दावा करीत शेकडो दुकानांकडून कूपनें वसुलीसाठीं आलीं! त्याच वर्षीं इंग्लंडांत टेस्को या दुकानसमूहानें १९६३ पासून चालविलेलीं हिरवीं तिकिटें बंद केलीं आणि सरसकट भाव उतरविले. तिकिटांचा खर्च अखेर मालाच्या किंमतींतूनच निघत होता, याचा हा उघड पुरावा. जर्मनींत तर १९३३ च्या कायद्यानें गिऱ्हाईकाला रोखीवर ३ टक्क्यांहून अधिक सवलत देण्याची बंदी होती. ती २००१ मध्यें उठली.

आज वृत्तपत्रांतील पुरवण्या रोडावल्या आहेत, आणि कूपनें मोबाइलवर येतात. कात्री गेली, खोकें गेलें. पण लक्षांत ठेवणें, मुदत पाहणें आणि मोह आवरणें हीं कामें तशींच उरलीं आहेत. शिवाय घरांत काय येतें याची टिपणवही, जी पूर्वी गृहिणीपाशीं असे, ती आतां व्यापाऱ्यापाशींहि असते. म्हणून सवलतीचा हिशेब मांडतांना वांचलेल्या पैशाबरोबर आपण काय दिलें तेंहि मांडावें, हाच या कपट्याच्या इतिहासाचा बोध.