दैव, प्रयत्न आणि रूढी

मनुष्य दैवाधीन की स्वतंत्र, हा वाद पुरातन आहे. धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परतावे लागले. यास दैव म्हणावे. परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. १८८४ साली ते पदवीधर झाले.

वैधव्याचे दुःख कपाळीचे, असे समाज मानी. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. ते दुःख विधिलिखित असते, तर ते टिकविण्यास बहिष्कार कशाला लागता? १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले.

ज्ञातिबांधवहो, पतिनिधन हे दैव खरे. पण त्या मुलींची पाटी हिरावणारे हात आपलेच होते.