पवनी येथील प्राकृत लेखांतील विभक्तिप्रत्यय : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या तीरावरील प्राचीन बौद्ध केंद्र होय. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले. पवनीचे ब्राह्मी लिपीतील लेख अत्यंत त्रोटक आहेत. त्यामुळे त्यांतील विभक्तिप्रत्यय हेच इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते.

१८८७ मध्ये झामेनहॉफ यांनी प्रसिद्ध केलेल्या एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत नामास 'ओ', क्रियाविशेषणास 'ए' व द्वितीयेस 'न' असे प्रत्यय नेमून दिलेले आहेत. लोकव्यवहारातून घडलेल्या प्राकृतात अशी नियतता नाही.

दानलेख :
'नागस पचनेकायिकस' या लेखात दोन्ही पदांना षष्ठीचा 'स' आहे. त्यावरून पाच निकायांचा जाणकार आणि नाग ही एकच व्यक्ती असल्याचे निश्चित होते. दुसऱ्या एका लेखात 'विसमिताय' आणि 'सुखाय' अशी पदे येतात. प्रत्यय सारखाच दिसतो. परंतु पहिले पद स्त्रीलिंगी षष्ठीचे असून दान विसमितेचे असल्याचे सांगते, तर दुसरे चतुर्थीचे असून क्रियाविशेषणाप्रमाणे हेतू दर्शविते. हा भेद दुर्लक्षिला तर दान करणारी स्त्रीच इतिहासातून नाहीशी होईल. त्याच लेखातील 'सवसतानं' म्हणजे सर्व सत्त्वांना. येथे चतुर्थीचे कार्य षष्ठी करते.

छायास्तंभ :
म. म. वा. वि. मिराशी यांनी अभ्यासलेल्या रूपिअम्माच्या स्मारकस्तंभावर 'महाखत्तवकुमारस' असे पद आहे. समासात आतील प्रत्यय लोपतो. त्यामुळे 'महाक्षत्रप असलेला कुमार' आणि 'महाक्षत्रपाचा कुमार' हे दोन्ही विग्रह व्याकरणदृष्ट्या संभवतात. पवनी परिसरात महाक्षत्रपाची सत्ता होती की केवळ त्याच्या पुत्राचे येथे स्मारक झाले, हा राजकीय इतिहासाचा प्रश्न एका लुप्त प्रत्ययाशी निगडित आहे. केवळ या पदावरून क्षत्रपांच्या प्रत्यक्ष राज्याचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
'सवसतानं' मधील षष्ठी बहुवचनाचा अवशेष 'सत्त्वांना' या मराठी रूपातील अनुस्वारात टिकून आहे. पवनीच्या लेखांचे वाचन करताना पुरातत्त्व आणि व्याकरण या दोन्ही शास्त्रांचा आधार घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.