‘अछूत कन्या’ : पडदा आणि प्रतिनिधि

अंधेरी व बोरिवली यांच्यामध्यें असलेल्या मालाड येथें १९३४ सालीं हिमांशु राय यांनीं ‘बॉम्बे टॉकीज’ ही बोलपटसंस्था काढली. तिच्या आवारांत जमलेला मेळा मोठा नवलाचा होता. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे जर्मन, कथालेखक निरंजन पाल बंगाली, तर संगीताची धुरा खुर्शीद होमजी या पारशी युवतीकडे. तिचें व तिच्या बहिणींचें गायनवादन मुंबईच्या नभोवाणीवरून श्रोत्यांना परिचित झालेलें होतें. परंतु ती बोलपटांत शिरते म्हटल्यावर पारशी समाजांतील कित्येकांनीं गहजब केला. तेव्हां राय यांनीं तिला ‘सरस्वतीदेवी’ आणि नटी झालेल्या तिच्या बहिणीला ‘चंद्रप्रभा’ अशीं नांवें दिलीं. संस्थेच्या उपाहारगृहांत सर्व जातींचीं माणसें एकत्र जेवत, असेंही सांगतात. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती.

या संस्थेनें १९३६ सालीं ‘अछूत कन्या’ हा बोलपट काढला. रेल्वेफाटकावरील अस्पृश्य रखवालदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप हे बालपणचे सोबती. प्रतापच्या बापाला सर्पदंश झाला असतां कस्तुरीचाच बाप त्याचे प्राण वांचवितो. तरीहि दोघांचीं लग्नें ज्याच्या त्याच्या जातींतच होतात, आणि शेवटीं आगगाडी थांबविण्यासाठीं रुळांवर धावून गेलेली कस्तुरी प्राणास मुकते. बोलपट अतोनात गाजला. पंडित नेहरू व सरोजिनी नायडू यांनींही तो पाहिला.

कस्तुरीची भूमिका देविकाराणींची होती. त्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या नात्यांतल्या, विलायतेंत शिकलेल्या. त्यांच्या कोरीव भुंवया रखवालदाराच्या झोपडींत कशा आल्या, हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकांना फारसा पडलेला दिसत नाहीं! प्रताप झालेले अशोककुमार हे गांगुली घराण्यांतले ब्राह्मण. कथालेखक, दिग्दर्शक, नायक, नायिका यांपैकीं अस्पृश्य समाजांतला एकही नव्हता. ज्या आवारांत जर्मन, बंगाली व पारशी एकत्र नांदले, तेथें जिची गोष्ट सांगावयाची तिच्या समाजाला मात्र ती सांगण्याचा मान मिळाला नाहीं. प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटांतही करुणेचा अधिकार एकनाथांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, होता.

याच सुमारास पडद्याबाहेर निराळेंच नाटक चाललें होतें. १९३२ च्या पुणें करारानें अस्पृश्य वर्गांसाठीं प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखून ठेवल्या. पण मतदारसंघ संयुक्त ठेवले. आमचा प्रतिनिधि आम्हींच निवडूं, हा डॉ. आंबेडकरांचा आग्रह तेथें बाजूस पडला. ऑक्टोबर १९३५ मध्यें त्यांनीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि ऑगस्ट १९३६ मध्यें स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. म्हणजे पडद्यावर कस्तुरी मुकाट्यानें मरत असतां तिचे बांधव मुंबईत निवडणुकीची तयारी करीत होते. बोलपटाच्या कथेंत त्यांची चाहूलही नाहीं. राय यांच्या सद्हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण सद्हेतूची नजर जेथपर्यंत पोंचते तेथपर्यंतच चित्र पोंचतें.

१९३९ सालीं युद्ध सुरू झाल्यावर संस्थेंतील जर्मनांना स्थानबद्ध करण्यांत आलें आणि १९४० सालीं राय वारले. १९५९ सालीं बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’नें तोच विषय पुन्हां हातीं घेतला. तेथें नूतननें रंगविलेली अस्पृश्य कन्या आपलें रक्त देऊन सवर्ण मातेचे प्राण वांचविते, आणि मगच ती पूर्णपणें मुलगी ठरते. योग्यतेचा पुरावा अजून तिलाच द्यावा लागत होता.

हा पुरावा देण्याचें साफ नाकारणारा मराठी चित्रपट २०१३ सालचा. त्याचें नांव ‘फँड्री’. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे, वडार समाजांतले. डुकरें धरणाऱ्या कैकाडी कुटुंबांतला जब्या सोमनाथ अवघडे या खेड्यांतल्या मुलानें उभा केला. गांव हंसत असतां तो शेवटीं दगड उचलतो व भिरकावतो, आणि तो दगड थेट प्रेक्षकांच्या दिशेनें येतो.