उदासीनतेवरची गोळी आणि न विचारलेला प्रश्न

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आम्ही गेली तीसेक वर्षे युनियनचे काम करीत आलो. पगार, पाळी, बोनस, अपघाताची भरपाई, असल्या गोष्टी घेऊन माणसे आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीचा एक कामगार गैरहजेरीची नोटीस घेऊन आला. मन खचले म्हणून डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या होत्या. झोप लागू लागली, कामात लक्ष राहू लागले. पण बायकोजवळ जाण्याची इच्छा मंदावली, आणि गेला तरी शेवट होईना. बायकोला वाटले, याचे बाहेर कुठे जुळले आहे. डॉक्टरांना सांगण्याची लाज वाटली, म्हणून त्याने गोळ्या एकदम बंद केल्या. चक्कर, चिडचिड सुरू झाली आणि महिन्याभरात त्याने पुन्हा अंथरूण धरले. "भाऊ, हे गोळीनं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही," असे तो म्हणाला.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही सातवीपर्यंतच झाली. पण ते वाक्य मनातून जाईना. मग डहाणू लोकलमध्ये बसून मिळेल ते वाचीत गेलो.

या औषधांचा जन्म मोठा मौजेचा. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तेव्हा कित्येक रोगी एकाएकी उत्साही झाले. क्षयाचे औषध असे मनाचे औषध ठरले. 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. 1987 साली अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली आणि या गोळ्या घरोघर पोहोचल्या. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य अधिक वेळ टिकून राहावे, हे या नव्या गोळ्यांचे काम. पण त्यानेच कित्येकांची वासना मंदावते, पुरुषाचे स्खलन लांबते, स्त्रीला तृप्ती लाभत नाही. गंमत अशी की शीघ्रपतनावर डॅपॉक्सेटीन देतात, तेही याच कुळातले. एकाची खोड ती दुसऱ्याचे औषध!

ही खोड किती जणांना लागते? स्पेनमधील डॉक्टरांनी 1997 मध्ये 344 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. आपण होऊन तक्रार सांगणारे शेकडा 14 निघाले. डॉक्टरांनी सरळ विचारले तेव्हा शेकडा 58. हे दोन आकडे आम्ही गाडीत तीनदा वाचले. मधले शेकडा 44 लोक गप्प होते. कारखान्यात अपघातांची नोंद कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

महाराष्ट्रात हे मौन मोडू पाहणाऱ्याला दंड झालेला आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्यात ते वाचकांच्या कामविषयक शंकांना उघड उत्तरे देत. त्यावरून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्वे हरले. माणसे शंका विचारीत होती, हे विसरू नये. उत्तर देणारा तेवढा एकटा पडला.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. उदासीनता स्वतःच वासना मारते. सगळा दोष गोळीचा नव्हे. आणि गोळीचा असला तरी डॉक्टर मात्रा कमी करतात, मिर्टाझॅपिन किंवा बुप्रोपिऑनसारखे ही खोड कमी असलेले औषध देतात. काहींचा त्रास गोळी सुटल्यावरही टिकतो. 2019 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तशी सूचना माहितीपत्रकात घालण्यास सांगितले. ती बारीक अक्षरे वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

त्या कामगाराबरोबर आम्ही पालघरला डॉक्टरांकडे गेलो. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिलाही आत बोलावले. डॉक्टरांनी अर्धा तास समजावले आणि गोळी बदलली. नोटिशीचे उत्तर आम्हीच लिहिले. कारणाच्या जागी आमची लेखणी अडखळली, आणि शेवटी आम्हीही 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढेच लिहून दिले.