शकुंतलेचे उतारू

परतवाड्याच्या मोटारस्टँडवर पहाटेच्या अमरावती गाडीसाठी जी माणसे उभी असतात, त्यांत कज्जाच्या तारखेला निघालेला कास्तकार असतो, इस्पितळात दाखवायला नेलेले लेकरू असते, कॉलेजात जाणारी मुले असतात आणि मेळघाटातून आदल्या सांजेला उतरून रात्र ओट्यावर काढलेली कोरकू कुटुंबेही असतात. आपण कोणे एके काळी निराळ्या वाहनाचे उतारू होतो, ही आठवण त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या मनात उरली असेल. तरीही या गावाने एका वाहनावर जीव जडवला, त्याची गती मंदावली तरी पुष्कळ वर्षे त्याची संगत सोडली नाही, आणि सोडावी की न सोडावी या विचारात कित्येक घरांतल्या दोन पिढ्या गेल्या. जगाच्या समुद्रांवर फिरणाऱ्या विलासी पर्यटननौकांचे धनिक प्रवासी वर्षानुवर्षे एकाच कंपनीच्या नौकेने जातात, कंपनी त्यांच्या निष्ठेची दफ्तरी नोंद ठेवून मानमरातब देते, आणि तिच्या आदरातिथ्यात उणेपण येऊ लागले म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जावे काय, याचा खल ते आपसांत करू लागतात. अचलपूर–मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावरच्या उतारूंनी तोच खल केला. त्यांच्या निष्ठेची नोंद मात्र कोणत्याही दफ्तरात झाली नाही, म्हणूनच तिचा इतिहास लिहिण्याजोगा आहे.

सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर हे वऱ्हाडातील प्राचीन नगर. इमादशाहीच्या काळात या प्रांताच्या राज्यकारभाराचे मुख्य ठाणे. त्याच्यापासून दोन मैलांवरचा परतवाडा त्या मानाने अर्वाचीन, कारण तो वाढला तो निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या छावणीमुळे, आणि ‘अचलपूर कॅम्प’ हे त्याचे दुसरे नाव आजही पत्त्यांवर लिहिले जाते. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज-मराठे युद्धात गाविलगड पडला, देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले आणि वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली गेले. पुढे १८५३ साली त्याच कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि कालांतराने अचलपूर हा एक स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या, अंमलदारांचे बंगले, लाकडाच्या वखारी, चिखलदऱ्याच्या घाटाकडे जाणारी सडक, यांमुळे परतवाड्यास महत्त्व आले. १९०१ च्या खानेसुमारीत एकट्या अचलपूर शहराची वस्ती २६,०८२ भरली होती. पण १९०५ साली अचलपूर जिल्हा मोडून अमरावतीत सामील करण्यात आला, आणि त्या एका हुकुमाने या भागातील माणसाच्या पायांची दिशा बदलली. जिल्ह्याची कचेरी, जिल्ह्याचे न्यायालय, मोठे वकील, मोठी पेठ हे सर्व येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर गेले. हे अंतर ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मर्म त्यात आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेचा मुख्य लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचला होता. त्याच्या आधीची काही वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि युद्ध संपून भाव उतरले तरी मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीवरून हटली नाही. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या अचलपूर भागाचा कापूस बैलगाड्यांवर लादून दरमजल न्यावा लागे, आणि माणसेही दमणीतून किंवा छकड्यातून, वाटेत एखादा मुक्काम करून, स्टेशन गाठीत. दमणीचा उतारू हा गाडीवानाच्या ओळखीचा असे. कोणाच्या बैलांची चाल चांगली, कोण रात्रीबेरात्री भरवशाचा, हे पाहून घराणीच्या घराणी एका गाडीवानाला धरून राहत. वाहनाशी निष्ठा राखण्याची रीत येथे आगगाडीपूर्वीपासूनची आहे.

मुंबईतील किलिक निक्सन या पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वऱ्हाडात अडीच फुटी रुळांवर गाड्या धावू लागल्या. मूर्तिजापूर हे मध्यस्थान ठेवून उत्तरेस अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर आणि आग्नेयेस यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर असे दोन फाटे निघाले. मार्ग व मिळकत कंपनीची आणि गाड्या चालविण्याचे काम जी. आय. पी.चे, असा करारनामा होता. अचलपूरहून निघालेला रूळ पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर अशा कापसाच्या पेठा एकेक करून ओवीत, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ओलांडून मूर्तिजापुरास मुख्य मार्गाला मिळे. तेथे गाठी मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईच्या बंदरातून जहाजाने विलायतेस जात. या मार्गावर सात दशके राबलेले वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले होते. कापूस जेथे जाई तेथूनच त्याला ओढणारे यंत्र आले, यावरून या रुळांची आखणी कोणाच्या सोयीसाठी झाली ते स्पष्ट होते.

माणसाच्या सोयीचा विचार झाला असता तर रूळ अमरावतीकडे वळले असते. अचलपूरच्या माणसाला अमरावतीच्या न्यायालयात तारखेस हजर राहायचे तर या गाडीने आधी नैर्ऋत्येस मूर्तिजापूर, मग मोठ्या गाडीने पूर्वेस बडनेरा, आणि तेथून पुन्हा अमरावतीचा फाटा, असा त्रिकोणाच्या दोन भुजा फिरून जाण्याचा प्रवास पडे; पन्नास किलोमीटरांच्या वाटेसाठी सव्वाशेच्या आसपास किलोमीटर जावे लागत. म्हणजे ज्या उतारूंच्या निष्ठेविषयी मी लिहीत आहे, त्यांच्यासाठी ही गाडी मुळात काढलीच नव्हती. ते कापसाबरोबर आले आणि कापूस ट्रकवर चढून निघून गेला तरी डब्यात बसून राहिले.

ते का राहिले, हे समजून घ्यायचे तर गाडीची चाल पाहिली पाहिजे. शेवटच्या काळात मोजके डबे, विशीच्या आत-बाहेर अडखळणारा वेग, आणि सगळ्या कामांना पुरे पडणारी मूठभर माणसे एवढाच संसार उरला होता. सडकेच्या फाटकाजवळ गाडी उभी राही. एक माणूस खाली उतरून दोन्ही बाजूंची रहदारी अडवी, गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबे, तो फाटक उघडून पळत येऊन डब्यात चढे आणि मग पुढची वाटचाल सुरू होई. स्टेशनावर तिकीट देणारा कोणी नसेल तर गार्डच तिकीट फाडी. ज्याला या गोष्टी केवळ जुनाटपणाच्या वाटतात, त्याने भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून धावत येणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला उभे करावे. ‘थांबा जी’ अशी तिची हाक ऐकून गाडी खरोखरच थांबे, आणि आतले कोणी तरी ‘दे इकडं, मावशी’ म्हणत पाटी वर ओढून घेई. शेळीचे करडू, ज्वारीचे पोते, सासरी निघालेल्या मुलीची पेटी, यांना या डब्यात जागा मिळे आणि त्यांबद्दल कोणी तोंड वाकडे करीत नसे. भाडे मोटारीच्या मानाने इतके कमी होते की मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला माहेर, बाजार आणि देवदर्शन आवाक्यात राहिले. या गाडीला लोकांनी शकुंतला म्हटले. कागदोपत्री जो अमुक क्रमांकाचा गाडा होता, तो लेकीबाळीच्या नावाने घराघरांत गेला.

उतारूला वाहन बदलायला लावण्याचे दोन मार्ग इतिहासात दिसतात, मोह आणि गरज. मोहाचे उदाहरण त्याच काळातले आहे. १९०६ साली तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि कोलंबोच्या वाटेवर इंग्रजी कंपनीशी सामना मांडला, तेव्हा त्या धनाढ्य कंपनीने भाडे उतरवीत उतरवीत शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली असे सांगतात. तेथे उतारूची मनधरणी चालली होती. त्याची निष्ठा ही जिंकण्याजोगी वस्तू ठरली होती. परतवाड्याच्या उतारूची अशी मनधरणी कोणी कधी केली नाही. त्याच्याकडे आली ती गरज, आणि ती सडकेने आली.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि पुढच्या काळात एस्टीच्या गाड्यांनी परतवाड्यास अमरावतीशी, अकोल्याशी, धारणी-चिखलदऱ्याशी जोडले. येथे आगार झाले. तेव्हापासून घरोघर तो खल सुरू झाला, आणि त्यात कोण कोणत्या बाजूस गेले हे पाहिले म्हणजे निष्ठेचा पोत कळतो. सर्वांत आधी गेले ते वकील आणि त्यांचे अशील, कारण न्यायालयाची तारीख गाडीसाठी थांबत नाही. मग व्यापारी, मग अमरावतीला शिकायला जाणारी मुले, मग आजारी माणसे. त्यांना दोष देता येत नाही. सरळ वाट मोकळी झाली होती आणि ते तीवरून गेले. मागे राहिले ते दर्यापूर–अंजनगाव पट्ट्यातले शेतमजूर, भाजीवाल्या, लग्नकार्याला सहकुटुंब निघालेली मंडळी आणि ज्यांच्या खेड्याला पावसाळ्यात चिखलावाचून दुसरी वाट नव्हती असे लोक. एकाच घरातला थोरला मुलगा एस्टीने आणि त्याची आई शकुंतलेने, असे चित्र या भागात वर्षानुवर्षे दिसले. दोघांचेही बरोबर होते.

वाहनाने मात्र आपल्या जुन्या उतारूंसाठी काय केले? स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेकंपन्या सरकारजमा झाल्या, १९५१ साली मध्य रेल्वे अस्तित्वात आली, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. सरकारने गाडी चालवायची, कंपनीला मोबदला द्यायचा, आणि करार मुदतीमागून मुदतीने वाढवायचा, असा कारभार चालला. मालक एक आणि चालक दुसरा असला म्हणजे मोडलेला स्लीपर कोणाचा, हा प्रश्न दफ्तरातच फिरत राहतो. रूळ झिजले, खडी निघून गेली, वेगावर मर्यादा आल्या, फेऱ्या घटल्या. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेलचे आले, पण त्याच्याखालचे रूळ जुनेच होते. यवतमाळचा फाटा आधी थांबला आणि २०१६ साली अचलपूरची गाडीही थांबली. त्याच सुमारास या मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. त्यानंतर नागरिकांनी निवेदने दिली, सत्याग्रह केले, पण आजवर स्टेशनाच्या फलाटावर गवतच वाढत आले आहे.

म्हणून ‘परतवाड्याच्या लोकांनी शकुंतला सोडली’ असे जे कोणी कोणी म्हणतात, ते मला मान्य नाही. ज्यांना जाणे भाग होते ते गेले. ज्यांना राहता आले ते शेवटच्या फेरीपर्यंत राहिले, आणि एके दिवशी गाडीच आली नाही. कंपनीशी त्यांचा कधीच परिचय नव्हता. किलिक निक्सन हे नाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेही नसेल. त्यांची निष्ठा होती ती परवडणाऱ्या भाड्याशी, हाकेला थांबणाऱ्या गार्डाशी आणि पाटी वर घेणाऱ्या हाताशी. विलासी नौकेच्या प्रवाशाला जी अदब पैसे मोजून मिळते, ती या उतारूंना काही आण्यांच्या, पुढे काही रुपयांच्या तिकिटात मिळत होती, आणि तिची किंमत त्यांनी शतकभर राखली.

या मार्गाचे रुंदीकरण व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शंभर वर्षांपूर्वी रूळ आखणाऱ्यांनी कापसाची वाट लक्षात घेऊन मोजमाप केले. आता मोजमाप करणाऱ्यांनी आधी परतवाड्याच्या मोटारस्टँडवर पहाटे उभे राहावे आणि तेथल्या माणसांना कोठे जायचे आहे ते विचारावे. अंजनगाव-दर्यापूरच्या बाईला मूर्तिजापूरची गाडी हवीच आहे, आणि तारखेला निघालेल्या कास्तकाराला अमरावतीची सरळ गाडी १९०५ पासून हवी आहे. दोघांनाही ती मिळाली, तर भाजीची पाटी वर ओढून घेणारे हात या भागात अजून पुष्कळ आहेत.