वांकेल इंजिन : घरी बांधलेल्या विमानातील इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे दोषशोधन

घरी बांधलेल्या विमानाला बसवलेल्या वांकेल (रोटरी) इंजिनाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगी-यंत्रणेतला बिघाड हुडकण्याची पद्धत. रोटरी म्हणजे येथे जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल याच्या कल्पनेतून आलेले, तिकोनी रोटरचे इंजिन. पहिल्या महायुद्धातील विमानांची, सिलिंडरांसकट गरगर फिरणारी नोम इंजिने या नोंदीत येत नाहीत. हौशी विमानकार बहुधा माझ्दा गाडीतले '१३बी' इंजिन घेतात. त्यात दोन रोटर असून प्रत्येकाची क्षमता ६५४ घ.सेंमी. असते. पंख्याचा वेग आटोक्यात ठेवण्यासाठी मध्ये गिअरपेटी लागते.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले, २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याला उडाले. त्याचे इंजिन मात्र पिस्टनचे. वांकेल इंजिनाचा राज्याशी असलेला धागा नगरला सापडतो. 'निशांत' या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे, सुमारे ३० किलो वजनाचे एका रोटरचे देशी इंजिन तयार झाले, तेव्हा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने घडवला; इग्निशन आणि इंधनयंत्रणा अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास संस्थेने केली. २००९ मध्ये कोलारहून हे इंजिन घेऊन 'निशांत' उडाले. त्या कामातल्या नगरच्या वाट्याचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

या इंजिनात बिघाड शोधणे वेगळे का, हे ठिणग्यांच्या हिशेबावरून कळते. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो आणि शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट होतो. शाफ्ट मिनिटाला ६००० फेरे करत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात. २७०० फेऱ्यांवर चालणाऱ्या नेहमीच्या चार-स्ट्रोक विमान-इंजिनात हा आकडा २२ ते २३ भरतो. शिवाय वांकेलमध्ये ज्वलन कायम एकाच बाजूला होते, त्यामुळे प्लगना थंड व्हायला सवड मिळत नाही.

प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात : लीडिंग आणि ट्रेलिंग. त्यांना जुळे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. लीडिंग मुख्य काम करतो. ट्रेलिंग थोडा मागून पेटून उरलेले मिश्रण जाळतो. माझ्दाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ गाडीत संथ गतीला दोघांच्या टायमिंगच्या खुणांत १५ अंशांचे अंतर असते. म्हणून उड्डाणापूर्वीच्या तपासणीत दोन्ही बाजू वेगवेगळ्या बंद करून पाहाव्या लागतात. ट्रेलिंग बंद केल्यावर फेरे किंचित उतरतात, लीडिंग बंद केल्यावर बरेच. ट्रेलिंग बंद करूनही काटा जागचा हलला नाही, तर ती बाजू आधीच मेलेली असण्याचा संभव दाट. नेहमीच्या विमान-इंजिनातल्या मॅग्नेटोची सवय असलेला वैमानिक 'ड्रॉप (फेऱ्यांची घट) कमी, म्हणजे झकास' असे धरून चालतो आणि इथेच फसतो. दोन रोटरांच्या ट्रेलिंग वायरींची अदलाबदल हाही असाच लपणारा दोष. इंजिन लीडिंगच्या जोरावर सुरू होते, पण खडखडते आणि ताकद देत नाही.

जमिनीवर ठणठणीत, चढताना मिसिंग आणि उतरल्यावर पुन्हा ठणठणीत, असे घडले की आधी कॉइलकडे पाहावे. सेकंदाला १०० ठिणग्या म्हणजे दोन ठिणग्यांत १० मिलिसेकंद. त्यातले ३ कॉइल भरण्यात गेले, तर ती जवळपास एकतृतीयांश वेळ करंट ओढत असते आणि तापते. गार कॉइल मल्टिमीटरवर निर्दोष दिसते. तपासायची तर गरम असतानाच, नाहीतर दुसऱ्या रोटरची कॉइल तिच्या जागी लावून दोष सोबत सरकतो का ते पाहावे.

तरीही बहुतेक वेळा खोट कॉइलमध्ये किंवा ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये नसते. ती अर्थमध्ये असते. मीरा-भाईंदर, उत्तन, वसईची खाडी या मिठागरांच्या पट्ट्यात खारी, दमट हवा तांब्यावर हिरवट थर चढवते. थिंबल बाहेरून घट्ट दिसते, आत तारेचे धागे कुजलेले असतात. ओहममध्ये मोजून हे कळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे अंग यांमध्ये व्होल्टमीटर धरावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर ती वायर बदलावी. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बॅटरीवर जगते, त्यामुळे दुसरी, स्वतंत्र बॅटरी आणि वेगळी वायरिंग ही चैन समजू नये.

सेल्फ फिरतो पण ठिणगीच नाही, अशा वेळी शाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर तपासावा. चुंबकीय सेन्सरचा इशारा मंद गतीला क्षीण असतो. फट वाढली किंवा बॅटरी उतरली की कंट्रोलरला तो ऐकूच येत नाही. त्याच्या दोन तारा उलट जोडल्या तर इंजिन चालते, पण टायमिंग वेगाबरोबर सरकते. टायमिंग पुढे गेले की डिटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित भडका) होते आणि रोटरच्या टोकावरची अॅपेक्स सील तुटते. मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. सेन्सरच्या वायरीचे जाळीचे आवरण एकाच टोकाला अर्थ करावे आणि ती प्लगच्या वायरींपासून दूर न्यावी. प्लग रेझिस्टरवाले नसतील तर रेडिओत खरखर येते आणि कंट्रोलर अधूनमधून गोंधळतो.

इग्निशनच्या माथी मारले जाणारे दोन दोष मुळात तिचे नसतात. वांकेल पेट्रोलने चटकन ओव्हरफ्लो होते : प्लग ओले, वास उग्र. इंजेक्टर बंद ठेवून सेल्फ मारला की ते मोकळे होते. गरम इंजिन पुन्हा सुरू होत नसेल, तर रोटरच्या तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन मोजावे; बहुधा सील झिजलेली असते. यातले काहीही करताना पंख्याच्या कक्षेत कोणी उभे राहू नये, चाकांना ठोकळे लावावेत. प्लगच्या वायरी काढल्या तर त्या अर्थ केलेल्या स्पार्क टेस्टरला जोडाव्यात. मोकळ्या लोंबणाऱ्या वायरीवर सेल्फ मारला की कॉइलचे इन्सुलेशन आतून फुटते आणि जुन्या दोषात नव्याची भर पडते.