पडद्याची माहिती कोणाकडे?

लिनक्सच्या संगणकाला फोर-के मॉनिटर जोडला की चित्र ३० हर्ट्झवर अडकतं, नाहीतर अक्षरं वाचवणार नाहीत इतकी बारीक होतात. ही तक्रार इतकी जुनी आहे, की तिचं खापर लिनक्स घडवणाऱ्यांच्या ढिसाळपणावर फोडायची सवयच पडली आहे. इतिहास मात्र वेगळं कारण दाखवतो. पडद्याला काय पेलतं ही माहिती कोणाच्या हाती आहे, यावर ही अडचण ठरत आली आहे. एमआयटीत १९८४ साली जन्मलेली एक्स विंडो प्रणाली १९९२मध्ये सुरू झालेल्या एक्सफ्री८६ प्रकल्पामुळे घरगुती पीसीवर रुजली, तेव्हा ही माहिती वापरणाऱ्यालाच पुरवावी लागे. मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या वारंवारितेच्या मर्यादा शोधायच्या, पिक्सेल क्लॉक आणि आणखी आठ आकडे मिळून एक ‘मोडलाइन’ रचायची आणि ती एक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये लिहायची. आकडे चुकले तर काही जुन्या काचनळीच्या मॉनिटरांना इजा होऊ शकते, असा इशारा त्या काळच्या मार्गदर्शिका गांभीर्याने देत, आणि तो खरा होता.

१९९४ साली व्हेसा या संस्थेने ईडीआयडीचं मानक आणलं. आता मॉनिटर आपली क्षमता १२८ बाइटांत स्वतःच सांगू लागला. पुढे २००७मध्ये आलेल्या रँडआर १.२ या एक्सच्या विस्तारामुळे चालू सत्रातच बाहेरचा पडदा जोडणं शक्य झालं, आणि २००९पासून पडद्याची मांडणी करण्याचं काम एक्सकडून लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, जाऊ लागलं. यात लिनक्सने बरंच अंतर कापलं. तरीही मधला अडॅप्टर किंवा केव्हीएम स्विच ईडीआयडी पोचवत नाही, तेव्हा कर्नल सावधपणे १०२४×७६८वर थांबतो आणि माणसाला ‘सीव्हीटी’ ही आज्ञा चालवून पुन्हा मोडलाइन रचावी लागते, थेट नव्वदच्या दशकासारखी. तीस हर्ट्झचं कारण तर बहुतेक वेळा निव्वळ गणिताचं असतं. फोर-के ६० हर्ट्झला ५९४ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक लागतो, एचडीएमआय १.४ची मर्यादा ३४० आहे. रंगांचा तपशील न घटवता ती भिंत कोणतीच प्रणाली ओलांडू शकत नाही. २०१३च्या सुमाराचे काही फोर-के मॉनिटर तर डिस्प्लेपोर्टवर स्वतःला दोन अर्ध्या पडद्यांसारखे सादर करत. त्या दोन तुकड्यांना एकच पडदा मानण्याची सोय २०१५च्या रँडआर १.५मध्ये झाली.

यावर कोणी म्हणेल, की मग तोच मॉनिटर विंडोजवर निमूट कसा चालतो? कारण तिथे ड्रायव्हर बंदिस्त असतात आणि ते लिहिणारी कंपनी मानक-संस्थेशी करार करून तपशील मिळवते. लिनक्सचा ड्रायव्हर बहुधा सगळ्यांसमोर उघडा असतो, आणि नेमकं तेच आडवं येतं. एएमडीने एचडीएमआय २.१साठी मुक्त ड्रायव्हर तयार केला होता. २०२४च्या सुरुवातीला एचडीएमआय फोरम या मानक-संस्थेने त्याला परवानगी नाकारल्याचं जाहीर झालं. डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत अशी आडकाठी आली नाही. म्हणून फोर-के १२० हर्ट्झ हवं असेल तर लिनक्सवर डिस्प्लेपोर्टची केबल घ्या, हा सल्ला मी शहाणपणाचाच मानतो. पण त्यामागे अभियांत्रिकी कमी आणि मालकी हक्क जास्त आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बारीक अक्षरांचा दोष तर लिनक्सचा स्वतःचाच ना? बऱ्याच अंशी, हो. एक्स विंडो प्रणाली (एक्स११) सगळ्या पडद्यांना जोडून एकच पृष्ठभाग मानतं, त्यामुळे दाट पिक्सेलांचा लॅपटॉप आणि विरळ पिक्सेलांचा मॉनिटर शेजारी ठेवले की कोणा एकाची गैरसोय ठरलेली. पण इथेही फसगत माहितीमुळेच होते. ईडीआयडीत पडद्याची लांबी-रुंदी असते, मात्र काही टीव्ही तिथे खऱ्या मापाऐवजी १६:९ हे गुणोत्तरच भरून ठेवतात. त्यावर विसंबून अक्षरं आखली तर ती अवाढव्य होतील. म्हणून एक्स सर्व्हरने सरसकट ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) धरणं पत्करलं. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडने प्रत्येक पडद्याला वेगळं प्रमाण दिलं, आणि दीडपट-सव्वापट मोजमापाचा प्रोटोकॉल २०२२मध्ये आला. तो समजणारे प्रोग्रॅम स्वच्छ दिसतात. एक्ससाठी लिहिलेले आणि वेलँडवर एक्सवेलँड या दुव्यामधून धावणारे जुने प्रोग्रॅम मात्र बहुधा मोठे करून दाखवले जातात आणि पुसट दिसतात.